लोह वाळूत अडकते की विहिरीत पोहोचते? ग्रिडने केलेले मिश्रण आणि पाण्याचे खरे मिश्रण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मही नदीच्या पात्रात वडोदऱ्याच्या पाणीपुरवठ्यासाठी जशा फ्रेंच विहिरी (वाळूत आडव्या, छिद्रांच्या स्ट्रेनर-नळ्या पसरलेल्या विहिरी) आहेत, तशा एका विहिरीचे द्विमितीय मॉडेल तुम्ही एम.ई.च्या प्रबंधासाठी तयार केले आहे. नदीकडून येणाऱ्या पाण्यात लिटरमागे ६ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन आणि काठाकडून येणाऱ्या भूजलात लिटरमागे ७ मिलिग्रॅम फेरस लोह तुम्ही गृहीत धरले आहे. ही दोन पाणी जिथे शेजारी येतात तिथून विहीर ६० मीटरवर आहे, आणि विहिरीकडे जाणाऱ्या भूजलाचा पट्टा २० मीटर रुंद आहे. मॉडेलच्या ग्रिडचे चौकोन, म्हणजे सेल, ५ मीटरचे घेतले तर जवळजवळ सगळे लोह वाटेतल्या वाळूतच अवक्षेपित होते, म्हणजे घन गाळ होऊन बसते. सेल अर्ध्या मीटरचे घेतले तर सुमारे दोन-तृतीयांश लोह विहिरीपर्यंत पोहोचते. यातले कोणते उत्तर प्रबंधात द्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. तुमच्याच आकड्यांवरून हिशोब केला तर स्थिर प्रवाहात सत्त्याण्णव टक्क्यांच्या आसपास लोह विहिरीपर्यंत पोहोचायला हवे. बारीक ग्रिडचे उत्तर जाड ग्रिडपेक्षा सत्याच्या जवळ आहे, पण ते अजूनही फार दूर आहे, आणि केवळ सेल आणखी लहान करून ते जवळ आणता येणार नाही. असे का होते, हे सविस्तर लिहितो, कारण सच्छिद्र माध्यमातील अभिक्रियांच्या मॉडेलिंगमध्ये मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक हीच आहे आणि चांगले, कष्टाळू विद्यार्थीही तिच्यात सापडतात.

प्रथम प्रवाह पाहू. हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरील ग्रंथात मांडलेला नियम वाळूच्या पात्राला चांगला लागू पडतो. तुम्ही जलवाहकता दिवसाला ४५ मीटर, जलदाबाचा उतार शंभरास एक आणि सच्छिद्रता ०.३० घेतली आहे. पहिल्या दोन आकड्यांच्या गुणाकाराला सच्छिद्रतेने भागले की छिद्रांतील पाण्याचा प्रत्यक्ष वेग दिवसाला १.५ मीटर येतो. म्हणजे ६० मीटरचे अंतर पाणी ४० दिवसांत कापते. (सच्छिद्रतेने भागायचे राहिले तर प्रवासाचा काळ तिपटीहून अधिक लांबतो. तुम्ही ती चूक केलेली नाही, पण तोंडी परीक्षेत हे विचारले जाईल.) या वेगाने विद्राव्य पदार्थ पुढे वाहतो, डिस्पर्शनमुळे (छिद्रांतल्या वेगवेगळ्या वाटांनी होणाऱ्या फैलावामुळे) पसरतो, आणि त्याच वेळी अभिक्रियेने कमी किंवा जास्त होतो. वहन, पसरणे आणि अभिक्रिया या तीन पदांचे समीकरण आपण प्रत्येक घटकासाठी लिहितो आणि ती सर्व समीकरणे अभिक्रियेच्या पदातून एकमेकांशी जोडली जातात.

आता महत्त्वाचा भेद असा की अभिक्रिया दोन स्वभावांच्या असतात. पहिल्या प्रकारात लागणारे सगळे घटक एकाच पाण्यातून प्रवास करतात. नदीच्या पाण्यातील सेंद्रिय कार्बन आणि त्याच पाण्यातील ऑक्सिजन यांची अभिक्रिया या प्रकारची आहे. लिटरमागे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन साधारण ३ मिलिग्रॅम सेंद्रिय कार्बन जाळू शकतो. ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेटकडे वळतात, मग मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडांकडे, पुढे सल्फेटकडे. हा क्रम नदीतळाच्या पहिल्या मीटर-दोन मीटरमध्ये पुष्कळ अंशी ठरून जातो, आणि तिथे निर्णायक असतात ते जिवाणूंच्या अभिक्रियांचे वेग आणि तापमान. पौषातल्या गार पाण्यात आणि ज्येष्ठातल्या कोमट पाण्यात मोठा फरक पडतो. या प्रकारात ग्रिडची चूक उत्तर थोडे बिघडवते, पण त्याचे स्वरूप बदलत नाही.

दुसऱ्या प्रकारात अभिक्रियेचे दोन भिडू दोन वेगळ्या पाण्यांतून येतात, आणि ती पाणी एकमेकांत मिसळल्याखेरीज काहीही घडत नाही. तुमचा प्रश्न या प्रकारचा आहे. फेरस लोहाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग स्टम आणि ली यांनी १९६१ मध्ये मोजून मांडला; तो हायड्रॉक्साइड आयनांच्या संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून पीएच एका अंकाने वाढला की वेग शंभरपट होतो. हवेने संपृक्त पाण्यात पीएच ७ असताना निम्मे लोह चार-पाच मिनिटांत ऑक्सिडीकृत होते. पीएच ६ असताना त्याला सुमारे सात तास लागतात. तुमच्या पाण्यात ऑक्सिजन संपृक्ततेपेक्षा कमी असल्याने हे काळ थोडे वाढतील, पण प्रवासाचा काळ ४० दिवसांचा आहे. त्या मानाने दोन्ही अभिक्रिया तत्काळ झाल्या असेच म्हणावे लागते. प्रवासाचा काळ आणि अभिक्रियेचा काळ यांचे गुणोत्तर, म्हणजे डामकोलर अंक, पीएच ६ ला शंभराच्या आसपास आणि पीएच ७ ला हजारांत जातो. अशा स्थितीत अभिक्रियेचा वेग रसायनशास्त्र ठरवत नाही, मिश्रण ठरवते. तुम्ही वेगाचा स्थिरांक दहापट बदलून पाहिला आणि उत्तर हलले नाही, असे लिहिले आहे. त्यावरून तुम्ही मॉडेल भक्कम असल्याचा निष्कर्ष काढलात. माझ्या मते त्या चाचणीने एवढेच सांगितले की उत्तराची किल्ली रसायनात नसून दुसरीकडे आहे.

ती किल्ली आडव्या डिस्पर्शनमध्ये आहे. दोन्ही पाणी शेजारी शेजारी समांतर वाहत असताना लांबीच्या दिशेतील डिस्पर्शनने त्यांचे मिश्रण होत नाही. ते होते प्रवाहाला काटकोनात असलेल्या डिस्पर्शनने. वाळूत आडव्या डिस्पर्शनची लांबी मिलिमीटरच्या घरात असते. तुम्ही ती १ मिलिमीटर घेतली आहे आणि ते योग्य आहे. तिला वेगाने गुणले की आडवा गुणांक दिवसाला ०.००१५ चौरस मीटर येतो. हा गुणांक, ४० दिवस आणि दोन यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले तर मिश्रणाच्या पट्ट्याची रुंदी मिळते, आणि ती केवळ ३५ सेंटिमीटर आहे. ६० मीटरच्या प्रवासानंतर दोन पाण्यांनी एकमेकांत एवढाच शिरकाव केलेला असतो.

आता तुमची ग्रिड काय करते ते पाहा. मही त्या भागात नैऋत्येकडे वाहते, आणि तुमची ग्रिड नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेषांना धरून बसवलेली आहे. त्यामुळे तुमचा प्रवाह सेलच्या बाजूंशी जवळपास ४५ अंशांचा कोन करून जातो. वहनासाठी तुम्ही पहिल्या कोटीची अपविंड पद्धत वापरली आहे, म्हणजे सेलच्या कडेवरची संहती प्रवाहाच्या वरच्या बाजूच्या सेलमधून घेतली आहे. या पद्धतीत एका सेलमध्ये शिरलेले पाणी त्या सेलभर तत्क्षणी एकजीव झाले असे मानले जाते, आणि तिरप्या प्रवाहात त्याचा परिणाम म्हणून काटकोनात एक खोटे डिस्पर्शन तयार होते. ४५ अंशांच्या कोनाला चौरस सेलसाठी या खोट्या डिस्पर्शनचा गुणांक वेग गुणिले सेलची बाजू गुणिले ०.३५ एवढा असतो. ५ मीटरच्या सेलला तो दिवसाला सुमारे २.६ चौरस मीटर होतो, म्हणजे खऱ्या गुणांकाच्या सतराशे पटींहून अधिक. मिश्रणाचा पट्टा ३५ सेंटिमीटरऐवजी साडेचौदा मीटर रुंद होतो. अर्ध्या मीटरच्या सेललाही तो साडेचार मीटरच्या वर राहतो.

अभिक्रियेत किती लोह खर्ची पडते, हे या रुंदीच्या थेट प्रमाणात असते. तुमच्या संहतींसाठी मी गणित केले: खर्च झालेले लोह हे रुंदीच्या सुमारे १.६ पट भूजलपट्ट्यातील लोहाएवढे भरते. खऱ्या गुणांकाने हा पट्टा ५५ सेंटिमीटरचा, अर्ध्या मीटरच्या सेलने साडेसात मीटरच्या आसपास, आणि ५ मीटरच्या सेलने २३ मीटरचा होतो. तुमचा भूजलपट्टा २० मीटरचा आहे. म्हणून जाड ग्रिडमध्ये जवळजवळ सगळे लोह संपले, बारीक ग्रिडमध्ये एक-तृतीयांशाहून थोडे अधिक संपले, आणि प्रत्यक्षात तीन टक्क्यांहून कमी संपायला हवे होते. तुमच्या दोन्ही उत्तरांचा उगम एवढ्या एका हिशोबात सापडतो. वाळूतला तो सगळा लोहाचा अवक्षेप मही किंवा जिवाणू यांनी केलेला नव्हता, तो सेलच्या आकाराने केलेला होता.

अपविंड पद्धत ठेवून केवळ सेल लहान करायचे म्हटले, तर खोटे डिस्पर्शन निदान खऱ्याएवढे कमी व्हावे म्हणून सेलची बाजू तीन मिलिमीटरच्या आत आणावी लागेल. ६० मीटर गुणिले २० मीटरच्या क्षेत्रात ते तेरा कोटींहून अधिक सेल होतात, आणि प्रत्येक सेलमध्ये प्रत्येक टाइम स्टेपला रासायनिक समतोल सोडवायचा आहे. तो मार्ग सोडून द्या. ग्रिड फिरवून प्रवाहरेषांच्या दिशेला लावा. प्रवाह सेलच्या कडांना समांतर असला की आडवे खोटे डिस्पर्शन नाहीसे होते. लांबीच्या दिशेतले उरते, पण स्थिर प्रवाहात आणि स्थिर संहतींत ते जवळपास निरुपद्रवी असते. विहिरीजवळ प्रवाहरेषा वळतात आणि एकवटतात, तिथे आयताकृती ग्रिड पुरणार नाही. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर प्रवाहाचे गणित आधी वेगळे सोडवून, प्रवाहरेषा आणि समदाब रेषा यांनाच ग्रिडच्या रेषा केले असते. ते जमत नसेल तर एमटीथ्रीडीएमएस या वहनाच्या सॉफ्टवेअरमधील टीव्हीडी ही वरच्या कोटीची पद्धत निवडा. तिच्यात खोटे डिस्पर्शन पुष्कळ कमी होते, तरी शून्य होत नाही, म्हणून तिच्यासह सेल २५ सेंटिमीटरवर आणि मग १२.५ सेंटिमीटरवर आणून लोहाचे उत्तर स्थिरावते का, हे पाहणे सोडू नका. केंद्रीय फरकाची पद्धत मात्र इथे टाळा. सेल पेक्लेट अंक (एका सेलमधील वहन आणि डिस्पर्शन यांचे गुणोत्तर) दोनच्या वर गेला की तिच्यात लाटा उठतात, ऑक्सिजनची संहती काही सेलमध्ये ऋण होते, आणि लघुगणकांवर चालणारे रासायनिक सॉफ्टवेअर तिथे एकतर थांबते किंवा त्या ऋण आकड्याचे शून्य करून वस्तुमान गुपचूप बदलते. यातला दुसरा प्रकार अधिक घातक असतो, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही.

मॉडेल सुधारल्यावर ते बरोबर आहे हे कसे ओळखायचे? त्यासाठी एक सोपी आणि कडक चाचणी आहे, आणि ती पीएचटीथ्रीडी किंवा फ्रीक्यूसी ही रासायनिक सॉफ्टवेअर सुरू करण्याच्या आधी करावी असे मी आग्रहाने सांगतो. एक मिलिग्रॅम ऑक्सिजन सुमारे ७ मिलिग्रॅम फेरस लोहाचे ऑक्सिडीकरण करतो. ऑक्सिजनच्या संहतीतून लोहाच्या संहतीचा सातवा भाग वजा केला तर जी राशी मिळते, तिच्यावर अभिक्रियेचा काहीच परिणाम होत नाही. ती क्लोराइडसारखी नुसती वाहते आणि पसरते. नदीच्या पाण्यात तिचे मूल्य अधिक ६, भूजलात उणे १. ही एकच राशी वाहून न्या. ती जिथे धन आहे तिथे तेवढा ऑक्सिजन उरला आहे आणि लोह शून्य आहे; जिथे ऋण आहे तिथे तिच्या सातपट लोह उरले आहे आणि ऑक्सिजन शून्य आहे. वायूच्या ज्वाळेचा असा विचार बर्क आणि शुमान यांनी १९२८ मध्येच केला होता. सरळ समांतर प्रवाहात या राशीचे उत्तर त्रुटीफलनाच्या (एरर फंक्शनच्या) रूपात कागदावर मिळते, म्हणून तुमच्या ग्रिडला ते जमते का हे तासाभरात कळते. त्यातून आणखी एक गोष्ट दिसते: अभिक्रियेची रेषा दोन पाण्यांच्या मूळ सीमेवर बसत नाही, तर जिथे नदीच्या पाण्याचा वाटा एक-सप्तमांश आहे तिथे, म्हणजे भूजलाच्या बाजूला सरकून बसते. तुमच्या मॉडेलमध्ये ती बरोबर मध्यावर दिसत असेल, तर कुठेतरी मोलचे प्रमाण चुकले आहे.

डिस्पर्शनचा आकडा कुठून घ्यायचा, यावर तुमच्या मार्गदर्शकांशी तुमचे मतभेद झाले, असे तुमच्या प्रश्नावरून दिसते. क्षेत्रीय प्रयोगांमधून डिस्पर्शनची लांबी प्रयोगाच्या आवाक्यासोबत वाढत जाते, हे गेल्हार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये जगभरच्या नोंदी तपासून दाखवले, आणि आडवी लांबी प्रवाहाच्या दिशेतल्या लांबीच्या दहाव्या भागाएवढी घेण्याची रूढीही आहे. प्रवाहाच्या दिशेतली १० मीटर घेतली तर आडवी १ मीटर येते. पण तो मोठा आकडा प्रदूषणाच्या पुंजक्याची सरासरी सीमा किती पसरली ते सांगतो. ती सीमा पसरते त्याचे मोठे कारण असे की वाळू-रेतीच्या कमी-अधिक पार्य (पाणी जाऊ देणाऱ्या) थरांतून पाण्याची बोटे पुढे-मागे जातात. त्या बोटांच्या आत दोन पाणी अजून वेगवेगळीच असतात. पसरणे आणि मिसळणे या दोन गोष्टी आहेत. केवळ वहनाचा प्रश्न असेल तर मोठा आकडा चालतो. पण जिथे अभिक्रिया मिश्रणावर अवलंबून आहे तिथे तो आकडा ५ मीटरच्या सेलइतकाच दिशाभूल करतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पारदर्शक वाळूच्या स्तंभात कॉपर सल्फेट आणि ईडीटीए यांची रंग बदलणारी अभिक्रिया कॅमेऱ्याने मोजली गेली, आणि नेहमीच्या समीकरणाने वर्तवले त्याहून कमी पदार्थ तयार झालेला आढळला. प्रयोगशाळेतल्या एकसारख्या वाळूत हे होते, तर नदीपात्राबद्दल वेगळे सांगायला नको. असा स्तंभ वडोदऱ्याच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत, कलाभवनाच्या आवारातल्या प्रयोगशाळेत उभा करणे फार खर्चाचे नाही, आणि प्रबंधाला त्याने मोठी बळकटी येईल.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो याला कारण आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या नदीकाठच्या विहिरीसाठी मी अशाच जाड ग्रिडवरून लोह वाळूतच अडकेल असा अहवाल दिला होता. दुसऱ्याच वर्षी स्ट्रेनरवर केशरी, बुळबुळीत थर बसला आणि विहिरीचे उत्पादन घसरले. माझ्या मॉडेलने जे मिश्रण वाळूत केले होते ते प्रत्यक्षात स्ट्रेनरच्या तोंडाशी झाले. रसायन बरोबर होते, जलवाहकता मोजलेली होती, आणि तरीही उत्तर उलटे निघाले. त्या अहवालाची प्रत मी अजून जपून ठेवली आहे.

तुमच्या विहिरीत काय होईल, याचा अंदाज बांधू. विहिरीच्या पाण्यात चार भाग नदीचे आणि एक भाग भूजलाचा असेल, तर मिसळलेल्या पाण्यात लिटरमागे १.४ मिलिग्रॅम लोह येते, आणि त्याला लागणारा ०.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन तिथे मुबलक आहे. रोज दहा हजार घनमीटर पाणी उपसले तर १४ किलो लोह, म्हणजे फेरिक हायड्रॉक्साइडच्या रूपात २७ किलोच्या आसपास अवक्षेप रोज तयार होतो. त्यातला काही स्ट्रेनरभोवतीच्या वाळूत, काही विहिरीत आणि काही पुढच्या नळात बसतो. कोझेनी-कारमन सूत्राने सच्छिद्रता ०.३० वरून ०.२५ झाली तर पार्यता निम्मी होते. पण लोहाचा हा अवक्षेप पाण्याने फुगलेला असतो आणि छिद्रांच्या गळ्याशी बसतो, म्हणून खरी घट या सूत्राहून मोठी असते. सूत्र वापरा, मात्र त्याने येणारी घट ही खऱ्या घटीची खालची मर्यादा समजा.

माझ्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या आकड्यालाही एक अट आहे, आणि ती म्हणजे स्थिर प्रवाह. महीवर वरच्या अंगाला कडाणा धरण आणि वणाकबोरीचा बंधारा आहे. पावसाळा आणि पाणी सोडण्याच्या वेळा यांनी नदीची पातळी बदलते आणि दोन पाण्यांची सीमा वाळूत इकडून तिकडे सरकते. भूजल पसरते तेव्हा वाळूच्या कणांवर फेरस लोह आयन विनिमयाने चिकटून राहते. मग नदीचे ऑक्सिजनयुक्त पाणी तिथे परतते आणि ते चिकटलेले लोह जागच्या जागी ऑक्सिडीकृत होते. हे मिश्रण खरे आहे, ग्रिडने केलेले नाही, आणि ते तुमच्या मॉडेलमध्ये आणायचे असेल तर प्रवाह ऋतूंनुसार बदलता ठेवून आयन विनिमय जोडावा लागेल. मी हा टप्पा दुसरा ठेवेन. तोवर वहन आणि अभिक्रिया आळीपाळीने सोडवण्याची साधी पद्धत पुरेशी आहे, फक्त टाइम स्टेप असा ठेवा की पाणी एका टप्प्यात एका सेलच्या पुढे जाणार नाही. टीव्हीडी वापरताना प्रत्येक घटकावर वेगळा मर्यादक (लाटा रोखणारा अंकुश) लागतो आणि घटकांमधील प्रमाण किंचित बिघडते, म्हणून विद्युतभाराचा ताळेबंद प्रत्येक टप्प्यावर छापून पाहा.

शेवटी विहिरीकडेच एक उत्तर आहे. फ्रेंच विहिरीच्या आडव्या स्ट्रेनर-नळ्या मधल्या कूपात वेगवेगळ्या उघडतात आणि सहसा प्रत्येकीला झडप असते. परवानगी मिळाली तर फाजलपूर, रायका, दोडका किंवा पोइचा इथल्या एखाद्या विहिरीत एक-एक नळीचे पाणी वेगळे घेऊन जागेवरच ऑक्सिजन, फेरस लोह, क्लोराइड आणि पीएच मोजा. नमुना हवेशी लागू देऊ नका. लोहासाठी तो गाळून लगेच आम्लात धरा. तुमचे ७ मिलिग्रॅम हे गृहीतक आहे, तिथले लोह नगण्य निघू शकते आणि तेही कळणे उपयोगाचे आहे. क्लोराइडवरून प्रत्येक नळीतला नदीचा वाटा काढा. काही नळ्यांत ऑक्सिजन आहे आणि लोह नाही, आणि काहींत लोह आहे पण ऑक्सिजन नाही, असे आढळले तर पाणी वाळूत मिसळलेली नाहीत. पीएच ७ च्या पाण्यात एकाच नळीत दोन्ही एकत्र सापडले, तर ती त्या नळीच्या तोंडाशी काही मिनिटांपूर्वीच भेटलेली आहेत, आणि स्ट्रेनरची सफाई कुठून सुरू करायची तेही तुम्हाला कळले.